जर्मनीत शिकताना मित्र, पार्ट्या आणि रविवारची शांतता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि महिन्याला ठरावीक रक्कमच सुटणारं खातं), व्हिसा याबद्दल विचारायला मुलं लाजत नाहीत. पण तिथे पोहोचल्यावर शनिवारी संध्याकाळी करायचं काय, कोणाशी बोलायचं, पार्टीला जायचं तर काय घेऊन जायचं, हे प्रश्न खासगीत, दबक्या आवाजात येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांमधला तो सर्वांत मोठा गट होता. म्हणजे हे प्रश्न पडणारे तुम्ही एकटे नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. जर्मनीत मैत्री होते ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, पुन्हा पुन्हा भेटण्यातून. पार्टी हा त्यातला छोटा भाग आहे. खालची बरीचशी उत्तरं याच मताकडे झुकलेली दिसतील.

पहिल्या ओळखी कुठे होतात?

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, उन्हाळी एप्रिलमध्ये. तास सुरू होण्याआधीचा आठवडा नवीन मुलांचा. त्याला 'एर्स्टीवोखं' म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो 'फाखशाफ्ट' चालवते, म्हणजे तुमच्याच विभागातल्या सीनियर मुलांचं मंडळ. एकत्र नाश्ता, गटागटाने कोडी सोडवत शहरभर फिरणं, ग्रिल आणि एखाद्या संध्याकाळी 'क्नायपंटूर', म्हणजे घोळक्याने एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये जाणं. आखेनला यासाठी पोंटश्ट्रासं नावाचा अख्खा रस्ता आहे. हायडेलबर्गला जुन्या गावातली उंटेरं श्ट्रासं.

इंग्रजीतून मास्टर्स करणाऱ्यांसाठी इंटरनॅशनल ऑफिस वेगळा कार्यक्रम ठेवतं. आपली मुलं तेवढाच करतात आणि फाखशाफ्टचा सोडतात, कारण तिथल्या सूचना जर्मनमध्ये असतात. माझं ऐका, दोन्हीकडे जा. पहिल्या आठवड्यात सगळेच बुजलेले असतात, जर्मन मुलंसुद्धा. त्यातली कित्येक पहिल्यांदाच घर सोडून आलेली असतात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत कंपू ठरून जातात.

व्हिसा उशिरा मिळाला आणि हे सगळं हुकलं. आता?

भारतातून जाणाऱ्यांच्या बाबतीत हे इतक्या वेळा होतं की याला अपवाद म्हणता येणार नाही. अशा वेळी पहिला उपाय 'होखशूलश्पोर्ट', म्हणजे विद्यापीठाचे खेळांचे वर्ग. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, बोल्डरिंग, साल्सा, रोइंग असं काहीही असतं आणि पूर्ण सत्राची फी बाहेरच्या जिमच्या मानाने अगदी किरकोळ असते. नोंदणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी ऑनलाइन उघडते आणि लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात. म्हणजे इथेही तात्काळ तिकिटासारखं बोट माउसवर ठेवून बसायचं.

खेळात रस नसेल तर विद्यापीठाचा गायकवृंद, नाट्यगट, फोटोग्राफीचा गट, बोर्ड गेमची संध्याकाळ यांपैकी काही धरा. भाषा केंद्रात 'टँडम' जोडीदार मिळतो: तो तुम्हाला जर्मन शिकवणार, तुम्ही त्याला इंग्रजी किंवा हिंदी. मराठी शिकायची आहे असं म्हणणाराही क्वचित भेटतो, बहुधा कुणाच्या तरी प्रेमात पडलेला. बऱ्याच शहरांत क्रिकेट क्लबही आहेत. भारतीय, पाकिस्तानी, अफगाण मुलांनी ते जोमात चालवले आहेत. तिथे जर्मन फारसं शिकायला मिळणार नाही, पण रविवार मजेत जाईल.

आणखी एक जागा म्हणजे वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर. खोलीत ताट नेऊन लॅपटॉपसमोर जेवू नका. तिथेच बसून जेवा.

इरॅस्मसच्या पार्ट्यांबद्दल खूप ऐकलंय. जावं का?

जा की. इरॅस्मस ही युरोपातली विद्यार्थी-अदलाबदल योजना. तिच्या मुलांसाठीच्या इरॅस्मस स्टुडंट नेटवर्कच्या शाखा बहुतेक विद्यापीठ-शहरांत आहेत. सहली, भाषांचे कट्टे, देशोदेशींच्या जेवणाच्या संध्याकाळी आणि पार्ट्या, सगळं त्यांच्याकडे असतं आणि नवख्याला सहज सामावून घेतात. फक्त एक लक्षात ठेवा. तिथली बरीच मुलं एका सत्रासाठी आलेली असतात. त्यांना पास होण्यापुरते गुण पुरतात आणि फेब्रुवारीत ती स्पेनला किंवा इटलीला परत जातात. तुमचं दोन वर्षांचं मास्टर्स आहे, आणि बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास म्हणजे अभ्यासक्रमातून बाहेर. त्यांच्या वेगाने नाचायला गेलात तर दमछाक होईल. दर सहा महिन्यांनी निरोपसमारंभ करायचाही कंटाळा येतो, तो वेगळाच.

आम्ही सगळे मराठीच एकत्र असतो. त्यात काही चूक आहे का?

अजिबात नाही. पहिल्या महिन्यात खोली शोधताना, बँकेचं खातं उघडताना, ताप आल्यावर डाळ-भात कोणीतरी आणून द्यावा असं वाटतं तेव्हा आपलीच माणसं धावून येतात. म्युनिक, फ्रँकफुर्ट, बर्लिन अशा मोठ्या शहरांत मराठी मंडळी गणपती, दिवाळी, कोजागिरी एकत्र साजरी करतात आणि विद्यार्थ्यांना तिथे मायेने बोलावलं जातं. श्टुटगार्टचं तर मुंबईशी १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे.

अडचण वेगळी आहे. काही इंग्रजी अभ्यासक्रमांत वर्गातली निम्मी मुलं भारतीय असतात. खोलीत मराठी, वर्गात हिंदी, कामावर मोडकं इंग्रजी, अशी दोन वर्षं निघून जातात आणि नोकरी शोधायची वेळ आली की समोरचा जर्मनमध्ये मुलाखत घेतो. म्हणून आठवड्यातली निदान एक संध्याकाळ अशा ठिकाणी घालवा, जिथे मराठी बोलून भागत नाही.

दुसरं, जरा कडू आहे पण सांगते. चौघांत एक तमिळ किंवा इराणी मुलगी बसली असताना बाकीचे तिघे मराठीत सुटतात आणि ती फोनमध्ये बघत बसते. परदेशात आपल्याला एकटं पाडतात अशी तक्रार करणारेच हे करतात.

जर्मन मुलं इतकी थंड का? वर्गात छान बोलतात आणि नंतर ओळखही दाखवत नाहीत.

त्यांचे मित्र बहुतेकदा शाळेपासूनचे असतात आणि लहान विद्यापीठ-गावांत शुक्रवारी दुपारी निम्मी मुलं बॅग घेऊन आईवडिलांकडे निघतात. शिवाय त्यांची डायरी भरलेली असते. 'ये ना कधीतरी घरी' हे आपण सहज म्हणतो. तिथे ते वाक्य हवेत विरून जातं. त्याऐवजी 'गुरुवारी ७ वाजता मी पावभाजी करतेय, येणार का?' असं विचारा. दिवस, वेळ, पदार्थ. उत्तर 'हो' आलं तर माणूस ७ वाजता दारात असतो. 'नाही' आलं तर त्याला खरंच जमत नाही, राग मानू नका आणि पुढच्या पंधरवड्यातली तारीख द्या.

पावभाजीचा उल्लेख मुद्दाम केला. लोखंडी तवा, लोणी आणि चार मुलं पाव भाजतायत, यात परका माणूस पाच मिनिटांत मिसळतो. फोडणी मात्र खिडकी उघडून आणि एक्झॉस्ट लावून द्या. वसतिगृहात धुराचे अलार्म असतात. काही इमारतींत ते थेट अग्निशमन दलाला जोडलेले असतात आणि बंब उगाच आला तर त्याचं बिल येऊ शकतं.

'वे-गे पार्टी'ला बोलावलंय. किती वाजता जायचं, काय न्यायचं?

वे-गे म्हणजे काही जणांनी मिळून भाड्याने घेतलेलं घर. आमंत्रणात 'आब २० ऊर' लिहिलं असेल, म्हणजे आठपासून पुढे, तर नऊच्या सुमारास गेलात तरी चालतं. पण 'जेवायला ७ वाजता' असं असेल तर ७ म्हणजे ७. दहा मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर मेसेज करा.

पिण्याचं आपापलं न्यायचं, हे गृहीत असतं. आपल्याकडे यजमानाने सगळं पुरवायचं असा रिवाज, त्यामुळे पहिल्यांदा विचित्र वाटतं. कधी यजमान सॅलड किंवा केक आणायला सांगतो. मग यादीत नाव आणि पदार्थ लिहायचा. दारात चपला-बुटांचा ढीग दिसला तर तुम्हीही काढा. पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. बघितलं नाही तर सात वर्षं शृंगारसुख वाईट, अशी तिथली थट्टेतली समजूत आहे, आणि एरवी अतिशय तर्कनिष्ठ असलेली इंजिनिअरिंगची मुलंही ती कसोशीने पाळतात.

नवीन घरात राहायला गेल्याची पार्टी असेल तर पाव आणि मीठ भेट देतात. उरलेलं पेय कोणी परत घेऊन जात नाही. आणि निघताना स्वयंपाकघरात जाऊन चार पेले धुतलेत, तर पुढच्या आमंत्रणाची काळजी नको.

मी दारू पीत नाही. मला वेगळं पाडतील का?

नाही. 'नाही, मी पीत नाही' एवढं पुरतं. त्यापुढे धर्म, घरचे, औषधं असं स्पष्टीकरण द्यायची गरज नसते. आग्रह करकरून पाजायची सवय आपल्याच काही टोळक्यांत जास्त दिसते, हे माझं निरीक्षण. हातात काहीतरी असलं की बरं वाटत असेल तर आपफेलशोर्लं म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, श्पेझी म्हणजे कोला आणि संत्र्याचं मिश्रण, किंवा क्लब-माटं म्हणजे माटे चहाचं कॅफीनवालं थंड पेय घ्या. रात्रभर जागणाऱ्या मुलांचं ते क्लब-माटं आवडतं असतं. चव पहिल्यांदा विचित्र लागते. 'बिनअल्कोहोलची' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. कटाक्षाने टाळायचं असेल तर लेबलवर ०.० बघा.

दारू देणाऱ्या उपाहारगृहात निदान एक बिनअल्कोहोलचं पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये, असा तिथे कायदाच आहे.

पिणाऱ्यांसाठी: बिअर आणि वाइनला १६ वर्षं, कडक दारूला १८. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ ची अट असल्याने एकविसाव्या वर्षी तिथे पोहोचलेल्या मुलाला एकदम मोकळं रान मिळतं. पहिल्याच महिन्यात अंदाज चुकून पडलेली मुलं सगळ्यांनी पाहिली आहेत. पोटात काही नसताना सुरुवात करू नका आणि मधेमधे पाणी प्या.

शाकाहारी माणसाचं ग्रिल पार्टीत काय होतं?

पूर्वीपेक्षा खूप बरं चाललंय. मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ रोज असतात. ग्रिलसाठी ग्रिलकेझं किंवा हालूमी हे चीज, मक्याची कणसं, मॅरिनेट केलेलं पनीर न्या. पनीर बहुधा पहिल्या दहा मिनिटांत संपतं, म्हणून दुप्पट न्या. शेगडीचा एक कोपरा आधीच मागून घ्या, नाहीतर सॉसेजची चरबी सगळीकडे लागते. अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या सगळीकडे वाटीत ठेवलेल्या असतात. त्यात बहुतेकदा डुकराचं जिलेटिन असतं.

उघड्यावर कुठेही शेगडी पेटवता येत नाही. म्युनिकला इझार नदीकाठी, हायडेलबर्गला नेकारच्या हिरवळीवर, बर्लिनला टेंपेलहोफच्या जुन्या धावपट्टीच्या मैदानावर ठरावीक जागा आहेत.

दर महिन्याला किती पैसे जातील?

ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि मोठ्या शहरात त्यातले निम्मे भाड्यातच जातात, हे धरून चला. वसतिगृहाच्या बारमध्ये बिअर दोन-तीन युरोंत मिळते, शहरातल्या पबमध्ये चार-पाचला, सुपरमार्केटमध्ये एक युरोच्या आसपास. म्हणूनच मुलं घरी पिऊन मग बाहेर पडतात. याला 'फोरग्ल्यून' म्हणतात. क्लबचं प्रवेशशुल्क दहा ते वीस युरो, कोट ठेवायचे दोनएक युरो वेगळे. रोख ठेवा; कितीतरी पबमध्ये अजून कार्ड चालत नाही. हॉटेलात बिल येताना 'एकत्र की वेगवेगळं?' असं विचारतात आणि जो तो आपापले पैसे देतो. 'मी देतो, मी देतो' अशी ओढाताण तिथे करू नका, समोरचा गोंधळतो.

स्वस्तात मजा करायची तर विद्यार्थ्यांनीच चालवलेले अड्डे शोधा. कार्ल्सरूहंचं त्सेट-त्सेन (नाव पत्त्यावरून पडलंय, त्सेरिंगर श्ट्रासं १०), येनाचं रोझनकेलर, ड्रेस्डेनचं बेरनझ्विंगर. लायप्झिगचं मोरित्झबास्टाय तर विद्यार्थ्यांनी १९७४ ते १९८२ या काळात ढिगारे उपसून मोकळं केलेला जुना बुरूज आहे. माजी चान्सलर अँगेला मर्केल तिथे भौतिकशास्त्र शिकत होत्या, त्यांनीही त्यात हात लावला होता. अशा बऱ्याच अड्ड्यांत काउंटरमागे स्वयंसेवक उभे असतात. त्यांच्यात सामील व्हा. पार्टीला पाहुणा म्हणून गेलात तर दोन ओळखी होतात, काउंटरमागे उभे राहिलात तर सगळं गाव ओळखतं, आणि ऑर्डर घेता घेता जर्मनही सुधारतं.

बर्लिनच्या क्लबमध्ये आत घेत नाहीत म्हणे?

काही ठिकाणी खरंच घेत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. बर्गहाइन या टेक्नो क्लबचा दरवाजा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आठ मुलांचा कल्ला करणारा घोळका, तोही नुसता पुरुषांचा, आणि रांगेतच झिंगलेला, असं असेल तर शक्यता फारच कमी. दोघं-तिघं शांतपणे जा, आज कोण वाजवतंय ते माहीत असू द्या, ओळखपत्र जवळ ठेवा. आत फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात आणि फोटो काढणाऱ्याला बाहेर घालवतात. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला मार्च २०२४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा 'नुसता धांगडधिंगा' म्हणून मोडीत काढण्याआधी एकदा ऐकून पाहा.

रंगावरून अडवलं असं वाटण्याजोगे प्रसंगही येतात. भेदभावाविरुद्ध कायदा आहे, तक्रार करता येते, पण दारातल्या माणसाशी रात्री २ वाजता वाद घालून काही मिळत नाही. दुसरीकडे जा आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या भेदभाव-तक्रार कक्षाशी बोला.

फोटोंबद्दल एकूणच जपून. वर्गमित्राचा झिंगलेला फोटो न विचारता टाकणं तिथे उद्धटपणाचं आहे आणि कायद्यातही बसत नाही. आणि हो, तुमच्या काकू इन्स्टाग्रामवर आहेत.

माझ्या खोलीवर पार्टी करायची आहे. काय काळजी घ्यायची?

रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ. 'महिन्यातून एकदा दंगा करायचा हक्क असतो' असं जर्मन मुलंही ठासून सांगतील. तसा कुठलाही हक्क नाही. चार दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: अमुक दिवशी पार्टी आहे, त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, नाहीतर सरळ वर या. त्या चिठ्ठीने निम्मं काम होतं. शेजारच्या आजी खरंच फोन करतील आणि तुम्ही आवाज कमी केलात की प्रकरण तिथेच मिटेल. चिठ्ठी नसेल तर त्या पोलिसांना फोन करतील. पोलीस पहिल्यांदा समज देतात. दुसऱ्यांदा आले तर दंड होऊ शकतो आणि स्पीकरही उचलून नेतात.

शनिवारीच सगळं आणून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात आणि बायर्नमध्ये तर इतर दिवशीही रात्री आठला शटर पडतं. बर्लिनला श्पेटी नावाची रात्रीची टपरीवजा दुकानं आहेत. इतरत्र पेट्रोल पंप किंवा मुख्य स्टेशन.

आणखी दोन गोष्टी. तिथली दारं ओढून घेतली की आपोआप बंद होतात, किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाहीत. पाहुण्याला सोडायला खाली जाताना किल्ली खिशात घ्या. रात्री कुलूपवाला बोलावलात तर शंभर-दोनशे युरो सहज जातात. आणि 'हाफ्टफ्लिश्ट' विमा काढून ठेवा. वर्षाला पाच-सहा पिझ्झांच्या किमतीत येतो आणि कोणाच्या लॅपटॉपवर तुमच्या हातून पेला सांडला तर तोच कामाला येतो.

गणपती आणि दिवाळी कशी करायची?

दीड दिवसाचा गणपती खोलीत व्यवस्थित बसतो. शाडूची लहान मूर्ती आणा आणि विसर्जन बादलीत करा. परवानगीशिवाय नदीत किंवा तळ्यात काहीही सोडू नका. आरती संध्याकाळी ७ ला घ्या, १० ला नको. झांजा चालतात, ढोल खोलीत चालणार नाही. मिरवणूक काढायची तर शहराची परवानगी लागते आणि हॉल घेऊन सार्वजनिक गाणी लावायची तर 'गेमा' या संस्थेला संगीताचं शुल्क भरावं लागतं. विद्यार्थी संघटनेच्या बजेटात गरबा किंवा बॉलीवूड नाइट धरताना हे विसरतात आणि मग नंतर बिल येतं.

समया-पणत्या लावायच्या तर धुराच्या अलार्मखाली नको. फटाके फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला. दिवाळीत वाजवलेत तर दंड. उकडीचे मोदक जर्मन मुलांना आवडतात, पुरणपोळी त्याहून जास्त. १ मे तिथे कामगार दिनाची सुट्टी असते, त्यामुळे महाराष्ट्र दिन सुट्टीतच पडतो.

त्यांचे सण कोणते चुकवू नयेत?

कोलोनचा कार्निव्हल. ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी हंगाम सुरू होतो आणि खरा दंगा फेब्रुवारी-मार्चमध्ये, रोझनमोंटागला, म्हणजे मोठ्या मिरवणुकीच्या सोमवारी. सोंग हवंच, साध्या कपड्यांत गेलात तर तुम्हीच विचित्र दिसाल. कोलोनमध्ये 'आलाफ' ओरडायचं, डुसेलडोर्फमध्ये 'हेलाउ'. उलट केलंत तर आपली पुणे-मुंबई फिकी पडेल इतकी बोलणी खाल. ११ तारखेला त्स्युल्पिशर श्ट्रासंवर चेंगराचेंगरीची भीती वाटेल इतकी गर्दी होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने उपनगरातल्या मिरवणुका बघाव्यात.

ऑक्टोबरफेस्ट नावाप्रमाणे ऑक्टोबरमध्ये असेल म्हणून मुलं उशिरा तिकिटं काढतात. तो सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. प्रवेश फुकट, पण २०२५ मध्ये एक लिटरचा मग १५ युरोंच्या आसपास होता. मधल्या वारी, दुपारी गेलात तर आरक्षणाशिवायही तंबूत जागा मिळते.

डिसेंबरात नाताळबाजार. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा आहे. गरम मसालेदार ग्ल्यूवाइनच्या कपाचे अनामत पैसे घेतात. कप परत केला की मिळतात. आणि गुड फ्रायडेला बऱ्याच राज्यांत सार्वजनिक नाचावर बंदी असते, क्लब बंद; त्या रात्रीचा बेत आखू नका.

वाढदिवसाचं काही वेगळं असतं का?

दोन नियम. आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, वर्गातही आणि कामावरही. आपण कोणीतरी आणेल म्हणून वाट बघत बसतो आणि ते लोक आपल्या केकची वाट बघत असतात. केक तोंडाला फासायचा प्रकार मात्र विमानातच सोडून द्या.

मुलींनी रात्री एकटीने फिरणं सुरक्षित आहे का?

आपल्या बहुतेक शहरांपेक्षा मोकळं वाटतं, हे खरं. रात्री १ ला ट्रामने एकटी परत येणारी मुलगी तिथे कोणाला आश्चर्याची वाटत नाही. पण डोळे उघडे ठेवायचेच. पेला सोडून नाचायला जाऊ नका. पेयात औषध टाकण्याचे प्रकार होतात. शेवटची गाडी किती वाजता ते निघण्याआधी बघा. बर्लिनमध्ये शुक्रवार-शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर चालते, छोट्या शहरात नाइट बसच असते आणि तीही तासाला एक.

बारमध्ये कोणी त्रास देत असेल तर काउंटरवर 'इस्ट लुईझा हिअर?' म्हणजे 'लुईझा इथे आहे का?' असं विचारा. म्युन्स्टरमध्ये २०१६ साली सुरू झालेली ही खूण आता अनेक शहरांत चालते. कर्मचारी काही न विचारता तुम्हाला बाजूला नेतात आणि टॅक्सी बोलावतात. खूण माहीत नसलेली जागा असेल तरी सरळ सांगा, मदत करतात. पोलीस ११०, रुग्णवाहिका ११२. महिलांवरील अत्याचारासाठीची ११६ ०१६ ही मदतवाहिनी चोवीस तास, फुकट आणि अनेक भाषांत आहे.

आणि आपल्याच गटातला मुलगा त्रास देत असेल तर 'परदेशात आपल्याच माणसाचं नाव कशाला खराब करायचं' हे ऐकून गप्प बसू नका. हे वाक्य मी नको तितक्या वेळा ऐकलं आहे.

पार्टीहून सायकलने परत यायला हरकत नाही ना?

आहे. रक्तात १.६ प्रोमिल (दर हजारी १.६ भाग) अल्कोहोल असेल तर सायकल चालवणं गुन्हा आहे, आणि वेडीवाकडी चालवलीत किंवा अपघात केलात तर ०.३ पासूनच. भाड्याच्या ई-स्कूटरला तर गाडीचे नियम लागतात: ०.५ ची मर्यादा, आणि २१ वर्षांखालच्यांना शून्य. 'खेळणंच आहे' म्हणून त्यावर बसलेली मुलं यातच अडकतात.

गांजाबद्दलही विचारतात. एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगायला परवानगी आहे, पण दुकानात तो विकला जात नाही आणि मित्राला देणंही बेकायदा आहे. रस्त्यावर विकणाऱ्याच्या नादी लागू नका. तुमचा निवासी परवाना त्याच्यापेक्षा महाग आहे.

सुंदर बंगल्यात २५० युरोंत खोली मिळतेय, फक्त 'फेरबिंडुंग'मध्ये सामील व्हायचंय. घेऊ का?

आधी नीट चौकशी करा. हायडेलबर्ग, मारबुर्ग, ग्योटिंगेन अशा जुन्या गावांत विद्यार्थ्यांच्या पारंपरिक संघांची, म्हणजे फेरबिंडुंगची, घरं आहेत. बहुतेक फक्त मुलांसाठी, काहींत तलवारबाजीची 'मेन्सूर' अजून सक्तीची, पिण्याचे विधी ठरलेले, आणि सदस्यत्व जन्मभराचं. काही धार्मिक किंवा सांगीतिक संघ अगदी साधे आणि मनमिळाऊ असतात. काही मात्र उघड उजव्या विचारांचे. 'डॉयचं बुर्शेनशाफ्ट' या महासंघात २०११ साली जर्मन वंशाच्या नसलेल्या सदस्यावरून मोठा वाद पेटला होता. सदस्यत्वाचा आग्रह न धरता नुसती खोली देत असतील तरी भिंतीवरचे झेंडे आणि फोटो बघून या.

नोव्हेंबर आला आणि कोणाशी बोलावंसंच वाटत नाही.

डिसेंबरात बर्लिनला चारच्या आतच सूर्य मावळतो. ज्याने आयुष्यभर ऊन गृहीत धरलं त्याला हा अंधार जड जातो. त्यात लग्नसराईचे फोटो भारतातून येत राहतात. दुपारी १२ ते २ मध्ये अर्धा तास बाहेर पडा, ढग असले तरी. खेळाचा किंवा गायनाचा तो ठरलेला वर्ग याच दिवसांत चुकवावासा वाटतो आणि याच दिवसांत त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

पंधरा दिवस झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलेलं असेल तर मदत मागा. श्टुडीरेंडनवेर्क, म्हणजे मेन्सा आणि वसतिगृहं चालवणारी संस्था, बहुतेक ठिकाणी मानसोपचार समुपदेशन मोफत देते आणि इंग्रजीत बोलणारं कोणीतरी असतं. तिथे गेल्याची नोंद विद्यापीठाकडे किंवा व्हिसा कार्यालयाकडे जात नाही. ही भीती आपल्या मुलांना फार असते. काही शहरांत विद्यार्थ्यांनीच चालवलेली 'नाइटलाइन' आहे, रात्री फोन करायचा, नाव सांगायचं नाही.

पार्टीनंतरच्या बाटल्यांचं काय करायचं?

फेकू नका, ते पैसे आहेत. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या यंत्रात घातल्या की चिठ्ठी येते. बागेत प्यायला असाल तर बाटल्या कचरापेटीच्या बाहेर, शेजारी उभ्या ठेवा. त्या गोळा करून चार पैसे मिळवणारे लोक असतात, त्यांना पेटीत हात घालावा लागू नये. वाइनच्या बहुतेक बाटल्यांवर अनामत नसते; त्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात, रंगाप्रमाणे वेगळ्या करून टाकायच्या. पण रविवारी नाही, खळखळाट होतो. सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना टाका.